गोणी, बैल आणि नदीचा उतार

अजिंठ्याच्या डोंगररांगेत चार-पाच दिवस चालायचं ठरलं, की आमच्या सिल्लोडच्या मित्रमंडळींत तीन प्रश्न हमखास निघतात. खायचं काय न्यायचं? संपलं तर पुढे कुठे मिळेल? आणि वाट कोणाला ठाऊक आहे? मग ज्वारीच्या भाकरी किती दिवस टिकतात, शेंगदाण्याची चटणी किती घ्यायची, हळद्याच्या पुढे वेताळवाडीकडे पाणी भरायला मिळेल का, असा हिशोब सुरू होतो.

गंमत म्हणजे हेच तीन प्रश्न १८०३ साली आपल्याच परिसरात हजारो माणसांच्या फौजांना पडले होते. शाळेत आपण असईची लढाई एका ओळीत शिकलो, २३ सप्टेंबर १८०३, वेलस्ली जिंकला, शिंदे-भोसले हरले. झालं! पण त्या ओळीच्या मागेपुढे पाहिलं, की तोफांपेक्षा धान्याच्या गोणीच जास्त दिसतात.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांची फौज अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या मुलखात आली. वेलस्ली अहमदनगरचा किल्ला घेऊन त्यांच्या मागावर निघाला. ऐन पावसाळ्यात गोदावरी भरलेली होती. मग काठ्या विणून, वरून कातडं लावून टोपलीसारख्या गोल होड्या केल्या आणि सैन्य पार नेलं. तोफा ओढायला म्हैसूरकडचे, हैदर-टिपूच्या काळापासून जोपासलेल्या जातीचे बैल होते. चांगले बैल आणि त्यांची नीट निगा असल्याशिवाय वेगाने हालचाल करता येत नाही, हे वेलस्ली आपल्या पत्रांतून पुन्हा पुन्हा सांगतो.

वाटेचा प्रश्न तर प्रत्यक्ष रणांगणावर आला. सिल्लोडच्या पूर्वेला, आजच्या जालना जिल्ह्यात, मराठी फौज केळणा नदीपलीकडे उभी होती. वाटाडे म्हणाले, इथे नदीला उतार नाही. वेलस्लीला मात्र दोन काठांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव आणि वरूर ही गावं दिसली. इतकी जवळ गावं वसली म्हणजे लोकांची ये-जा असणारच, असा त्याने तर्क केला. तो खरा निघाला आणि फौज तिथूनच उतरली. नकाशा जे सांगत नाही ते गावांची मांडणी सांगते. पण या हुशारीची किंमतही मोठी होती. इंग्रजांचे अकराशेहून अधिक लोक जखमी झाले आणि त्यांच्यासाठी आपल्या अजिंठा गावात इस्पितळ उभारावं लागलं.

आता तिसरा प्रश्न, वाटेतल्या रसदीचा. एवढ्या माणसांना खाऊ घालत होते ते मुख्यतः लमाण. बैलाच्या पाठीवर दोन्हीकडे गोणी, पुढे नाईक, मागे अख्खा तांडा, बायकामुलांसकट. बैल वाटेत चरायचे, म्हणून त्यांचा चारा वाहून न्यावा लागत नसे. लमाण कोणाचे शिपाई नव्हते, ते व्यापारी होते. धान्य विकत आणि पुढे जात.

धान्याचं मोल रघूजी भोसल्यांना पुरेपूर कळत होतं. ३१ ऑक्टोबर १८०३ रोजी त्यांच्या घोडदळाने अंबडजवळ इंग्रजांच्या रसदीवर हल्ला केला. त्या ताफ्यात चौदा हजार बैल होते! तो हल्ला फसला आणि धान्य पोचलं. डिसेंबरात गाविलगडच्या उत्तरेकडून तोफा चढवायला मेळघाटच्या डोंगरात सैनिकांनी रस्ता स्वतः करत नेला. १५ डिसेंबरला गड पडला. रसद तुटली असती, तर ही चढण जमली असती का?

पण या धान्याची दुसरी बाजूही आहे. १८०३-०४ मध्ये दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. पाऊस नव्हता आणि वर लुटालूट. सैन्याच्या गोणी भरत होत्या तेव्हा गावांतल्या कणग्या रिकाम्या होत्या. फौजेच्या जेवणाचा हिशोब कागदावर राहिला, गावकऱ्यांच्या उपासाचा फारसा कोणी लिहिला नाही.

आणि लमाणांचं काय झालं? पक्के रस्ते, रेल्वे आली आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार बसला. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का काही भागांत त्यांच्यावरही मारला गेला. ज्यांनी फौजा जगवल्या, त्यांना चोर ठरवलं! आज आपल्या तालुक्यात आणि शेजारच्या सोयगाव-कन्नडमध्ये त्यांचे तांडे आहेत. कित्येक कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला जातात.

मला वाटतं, डोंगरात चालताना हे लक्षात ठेवावं. पिठाचा हिशोब चोख करा, पाण्याच्या जागा आधी विचारून घ्या, मोबाइलच्या नकाशावर पूर्ण विसंबू नका. आणि तांड्यावर कुणी वाट दाखवली, भाकरी दिली, तर उपकार म्हणून घेऊ नका, योग्य मोबदला द्या. दोनशे वर्षांपूर्वी वेलस्लीसुद्धा पैसे मोजूनच खात होता.

घरात कोणी आजी-आजोबा असतील तर त्यांना एकदा जरूर विचारा, तुमच्या गावावरून लमाणांचे बैल जायचे का, आणि कुठल्या वाटेने. या वाटा सांगणारे आता फार थोडे उरलेत.