प्रवासात किरकोळ अपघात झाला तर: पहिल्या दहा मिनिटांपासून पहिल्या दोन दिवसांपर्यंत

नवेगावबांध पाहून कोहमारामार्गे गोंदियाला परतताना वळणावर मोटारसायकल घसरते. गुडघा खरचटतो, कोपराला लागते, हेल्मेट रस्त्यावर आपटते. लोक धावून येतात. तुम्ही कपडे झटकून म्हणता, "काही नाही, किरकोळ आहे," आणि पुन्हा गाडी सुरू करता.

याच गोंदिया–कोहमारा रस्त्यावर २९ नोव्हेंबर २०२४ रोजी शिवशाही बस उलटून दहाहून अधिक प्रवाशांचे प्राण गेले. अशा अपघातात मदत लगेच धावते. छोट्या अपघातात मात्र निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो, आणि तोही घाबरलेल्या अवस्थेत. अपघातानंतर काही वेळ शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन वाढलेले असते, त्यामुळे दुखणे कमी जाणवते. म्हणून दुखापत किरकोळ आहे की नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत ठरवू नका. ते पुढचे २४ ते ४८ तास ठरवतात.

घटनास्थळी काय करावे?

- आधी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी या. गाडीचे इंजिन बंद करा.
- मानेच्या मागच्या बाजूला मधोमध दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा ताकद कमी वाटत असेल तर उठू नका, मान वळवू नका. १०८ वर फोन करा.
- जखमी व्यक्ती बेशुद्ध असेल किंवा गुंगीत असेल तर तिला पाणी, चहा काहीही पाजू नका.
- रक्त येत असेल तर स्वच्छ रुमाल जखमेवर घट्ट दाबून धरा. सलग दहा मिनिटे दाबा. मधेच उचलून पाहू नका.
- गोंदिया जिल्ह्याला बालाघाट आणि राजनांदगाव या शेजारी राज्यांतील जिल्ह्यांच्या सीमा लागतात. त्यामुळे फोनवर राज्य, जिल्हा, तालुका आणि जवळच्या गावाचे नाव स्पष्ट सांगा.

जखम कशी स्वच्छ करावी?

खरचटलेल्या जखमेवर सर्वांत चांगले औषध म्हणजे भरपूर स्वच्छ पाणी. पिण्याच्या पाण्याची बाटली ओतून माती आणि खडी धुऊन काढा. आजूबाजूची त्वचा साबणाने धुवा. नंतर स्वच्छ कापड किंवा पट्टी बांधा. हळद, चुना, मंजन, कॉफी पावडर असे काही लावू नका. त्याने जखमेत जंतू जाऊ शकतात आणि डॉक्टरांना जखमेची खोलीही नीट दिसत नाही.

जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, खडी आत रुतली असेल किंवा चेहऱ्यावर जखम असेल तर टाक्यांची गरज लागू शकते. शक्यतो सहा ते आठ तासांच्या आत दवाखान्यात जा. रुतलेली खडी तशीच राहिली तर त्वचेवर कायमचा काळा डाग पडतो.

धनुर्वाताची लस कोणी घ्यावी?

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. रस्त्यावरून धानाच्या बांधीत पडलात, जखमेत चिखल गेला, तर जखम लहान असली तरी ती 'अस्वच्छ' धरावी. अशा जखमेत शेवटची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर एक डोस घ्या. स्वच्छ, वरवरच्या जखमेसाठी ही मर्यादा दहा वर्षांची आहे. लस कधी घेतली ते आठवत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगा. ही लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. शक्यतो त्याच दिवशी घ्या. उशीर झाला तरी टाळू नका.

कुत्रे आडवे येऊन पडला असाल आणि ते चावले किंवा त्याचे दात, नखे लागली असतील, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

डोक्याला मार लागला असेल तर

डोक्यातील रक्तस्राव कधी कधी हळूहळू वाढतो. माणूस काही तास नीट बोलतो, चालतो आणि मग बिघडतो. खालीलपैकी एकही लक्षण दिसले तर ताबडतोब सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या:

- क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल, किंवा अपघात आठवत नसेल
- एकापेक्षा जास्त वेळा उलटी
- वाढत जाणारी डोकेदुखी
- जास्त झोप येणे, असंबद्ध बोलणे, वागण्यात बदल
- झटका येणे, हातपाय लुळे पडणे, दोन दोन दिसणे
- नाकातून किंवा कानातून पाणी अथवा रक्त

वय ६५ च्या पुढे असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील किंवा दारू घेतलेली असेल, तर लक्षणांची वाट न पाहता तपासणी करून घ्या. दारूच्या वासामुळे "प्यायला आहे, झोपू द्या" असे समजून मेंदूची दुखापत नजरेआड होते.

तपासणीनंतर डॉक्टरांनी घरी पाठवले तर रुग्णाला झोपू देण्यास हरकत नाही. पहिल्या रात्री मात्र सोबत कोणीतरी हवे. दोन-तीन तासांनी उठवून नाव आणि ठिकाण विचारा. नीट उठत नसेल तर सकाळची वाट पाहू नका.

पोटाचा मुका मार

सायकलचे किंवा मोटारसायकलचे हँडल पोटात रुतले, किंवा सीटबेल्टचा वळ पोटावर उमटला, तर वरून जखम नसतानाही आत यकृत, प्लीहा किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते. मुलांमध्ये याकडे विशेष लक्ष द्या. पोटदुखी वाढणे, पोट कडक होणे, उलट्या, चक्कर, लघवीतून रक्त ही धोक्याची लक्षणे आहेत. गरोदर स्त्रीला पोटावर मार लागला असेल तर त्रास नसला तरी त्याच दिवशी तपासणी हवी.

वेदनेसाठी काय घ्यावे?

मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी सहा तासांच्या अंतराने घेतली तरी चालते. यकृताचा आजार असल्यास आधी विचारा. डोक्याला मार असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका. मुरगळलेल्या भागाला पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. मालिश करू नका, हाड बसवून घेऊ नका. पाय टेकवता येत नसेल तर एक्स-रे काढा.

पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण अधिक आहे. रुग्णाला तो आजार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. पुरेसे पाणी प्यायला द्या आणि अंग गरम ठेवा.

पुढचा प्रवास करावा का?

डोक्याला मार लागलेल्याने किमान २४ तास गाडी चालवू नये, आणि रात्रीच्या रेल्वेने एकट्याने निघू नये. गोंदियाहून सुटलेल्या गाडीत मध्यरात्री उलट्या सुरू झाल्या तर मदत पुढच्या स्थानकावरच मिळते. तशी वेळ आलीच तर १३९ वर कळवा. पण जिथे डॉक्टर हाताशी आहे तिथेच एक रात्र थांबणे केव्हाही बरे.

खर्च आणि पोलिसांची भीती

अपघाताची नोंद पोलिसांकडे जाणे हा नेहमीचा भाग आहे; त्यासाठी उपचार थांबत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार मदत करणाऱ्या व्यक्तीला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेत रस्ते अपघातग्रस्तांना नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. रुग्णालयात पोहोचताच याची चौकशी करा, आणि तपासणीचे कागद जपून ठेवा.

लक्षात ठेवा: तपासून "काही नाही" निघाले तर एक दुपार गेली, एवढेच. न तपासता गृहीत धरलेले "काही नाही" मात्र जिवावर बेतू शकते.