सारीपाट ते मोबाइल : चाळिशीतल्या माणसानं खेळलं तर बिघडलं कुठं?

परवा बार्शीहून वैरागला येताना एसटीत शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ होते. मोबाइलवर गाड्यांची शर्यत खेळत होते. मी बघतोय म्हटल्यावर फोन पालथा केला आणि म्हणाले, "नातवानं टाकलंय हे."

मला हसू आलं. कारण माझंही तेच आहे. बातम्या पाठवून झाल्या की रात्री अर्धा तास मी मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर कॉन्ट्रा खेळतो, आणि कुणाची चाहूल लागली की आधी स्क्रीन बंद करतो. वय शेहेचाळीस. चोरी नाही, उधारी नाही, तरी लाज. ही लाज आली कुठून, म्हणून जरा इतिहासात मागं गेलो.

पहिली गोष्ट म्हणजे, मोठ्या माणसांनी खेळणं आपल्याकडं नवीन नाही. शंकर-पार्वती सारीपाट खेळतात अशा कथा आपण लहानपणापासून ऐकल्यात. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा बघा. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, असा १२० पानांचा डाव. एवढी पानं लक्षात ठेवणं पोरासोरांचं काम नव्हे. आपल्याच जिल्ह्यात आषाढीला साठी ओलांडलेले वारकरी वाळवंटात फुगडी घालतात. मंगळागौरीला सासवा-सुना रात्र जागवतात. त्यांना कुणी म्हणत नाही, की हे काय वय आहे का खेळायचं!

मग जुन्या लोकांनी नावं कशाला ठेवली? तर पैजेला. धर्मराजाचं राज्य गेलं ते फासे टाकले म्हणून नाही, पणाला लावलं म्हणून. त्याच्याही आधी ऋग्वेदात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे. बायको दुरावलेली, सावकार मागं लागलेला असा तो माणूस, आणि शेवटी त्याला सल्ला काय, तर शेतीकडं वळ. हजारो वर्षांपूर्वीचं हे दुखणं आपल्या भागात आजही कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

इंग्रजांनी १८८७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी जुगारबंदीचा कायदा केला, त्यातही निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. पुढं १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टानं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं. पण त्याच निकालात हेही होतं, की पैशाच्या डावातून क्लबचा मालक नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो. पुढच्या काळात कंपन्यांनी यातलं पहिलं वाक्य पाठ केलं, दुसरं सोयीनं विसरल्या.

आता आमच्या पिढीकडं येऊ. मी पहिला व्हिडिओ गेम बघितला तो सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेत. नाणं टाकायचं आणि दांडा हलवायचा. नंतर नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे डबे आणि कॅसेटी आल्या. १९८५ चा मारिओ, १९८७ चा कॉन्ट्रा आपल्यापर्यंत पोचायला काही वर्षं लागली, पण पोचले. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं अशी बटणं दाबली की कॉन्ट्रात तीस जीव मिळतात, हे ज्याला सांगावं लागत नाही तो आमच्या वयाचा समजावा. ज्या निन्टेन्डो कंपनीनं मारिओ काढला, ती १८८९ मध्ये जपानात क्योटो इथं पत्ते बनवण्यासाठी सुरू झाली होती. म्हणजे पत्त्याचा डाव आणि व्हिडिओ गेम हे तसे एकाच घरातले.

खरी मेख इथं आहे. लहानपणी व्हिडिओ गेम खेळलेली आपल्या भागातली पहिली पिढी आज चाळीस-पंचेचाळिशीत आली. आधी या वयाचे लोक हा खेळ खेळताना दिसले नाहीत, कारण त्यांच्या लहानपणी तो नव्हताच. म्हणून आम्ही विचित्र दिसतो. आमच्या वडिलांनी पारावर पत्ते कुटले, आम्ही बटणं दाबतो, एवढाच फरक.

सारीपाटाचंही असंच झालं. पचिशी इंग्लंडात गेली, १८९६ मध्ये लुडो म्हणून तिचं पेटंट निघालं, आणि २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या एका कंपनीनं लुडो किंग नावानं ती मोबाइलवर आणली. लॉकडाऊनमध्ये घराघरांत आजीपासून नातवापर्यंत सगळे सोंगट्या मारत होते. तेव्हा कुणी लाजलं नाही.

पण याच मोबाइलमधून पैशाची रमीही आली. जाहिरातीत मोठमोठे चेहरे. कर्जात बुडालेल्या पोरांच्या, आत्महत्यांच्या बातम्या आम्हा पत्रकारांना लिहाव्या लागल्या. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत रमी खेळत होते असा आरोप झाला, व्हिडिओ फिरला. त्यांनी तो नाकारला. पुढं त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. महाराष्ट्र हसला. पण त्या हसण्यात गेम आणि जुगार हे दोन शब्द एकच होऊन बसले.

२२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही होऊन ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला. त्यानं ई-स्पोर्ट्स आणि मनोरंजनाचे खेळ एका बाजूला ठेवले आणि पैसे लावायचे खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद केले. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ऋग्वेदापासून चालत आलेली रेघच कायद्यानं पुन्हा ओढली.

दुसरी बाजूही सांगतो. बिनपैशाच्या खेळाचंही व्यसन लागतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं. पण रोज खेळतो तो आजारी, असं ती म्हणत नाही. खेळावर ताबा राहत नाही, कामधंदा आणि घर मागं पडतं, नुकसान दिसत असूनही सुटत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा तो आजार.

म्हणून घरच्यांना माझं एवढंच सांगणं आहे. घरातला माणूस मोबाइलवर खेळताना दिसला तर वय काढू नका. शेजारी बसा आणि विचारा, यात पैसे लागतात का? झोप होते का? उद्याचं काम होतंय ना? लाजेनं फोन पालथा करणारा आणि कर्ज लपवायला फोन पालथा करणारा, लांबून दोघं सारखेच दिसतात. टिंगल केली तर दोघंही गप्प बसतात. पहिल्याचं फारसं बिघडत नाही, दुसऱ्याचं घर बुडतं.

मी आजपासून स्क्रीन बंद करणार नाही. कॉन्ट्राला जोडीदार लागतो, कुणी तयार असेल तर कळवा. आणि तुमच्या घरात कुणी पैशाच्या डावात अडकलं असेल, तर कमेंटमध्ये नको, सरळ फोन करा. नाव छापणार नाही.