परड्यातली हिरवी, घाटावरची लाल

पेण-रोह्याकडे घरामागच्या परड्यात मिरचीची चार-सहा झाडे असतात, पण वर्षाच्या मसाल्याची लाल मिरची घाटावरून येते. बेडगी हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची, संकेश्वरी बेळगावकडच्या संकेश्वरची. नावातच गाव आहे. घरची मिरची हिरवीच तोडायची आणि लाल विकत घ्यायची, ही वाटणी कशी पडली असेल? माझ्या मते तिचे मोठे कारण पिकत्या फळावर पडणारा डाग हे आहे. मिरची मूळची अमेरिकेतली, पोर्तुगिजांबरोबर आलेली. त्याआधी आपल्या तिखटाचा मान मिरीकडे होता आणि नव्या फळाने नावही तिच्यावरूनच घेतले. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथल्या चौल-रेवदंड्यावर पोर्तुगिजांचा अंमल १७४० पर्यंत होता. म्हणजे हे झाड इथे परके राहायला नको होते. झाड रुजलेही, लाल फळाचे पीक मात्र रुजले नाही.

पिकत्या फळावर असा डाग पाडणाऱ्या, कोइमतूरच्या मिरचीवर सापडलेल्या एका बुरशीचे शास्त्रीय वर्णन सिडो यांनी १९१३ मध्ये केले. आज आपण तिच्या रोगाला फळकुज म्हणतो. ही बुरशी हिरव्या फळात शिरून गप्प बसू शकते. फळ लाल होऊ लागले की खोलगट डाग पडतो, त्यात काळ्या ठिपक्यांची वर्तुळे उमटतात आणि शेवटी साल गवतासारखी फिकी पडते. पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर ही बुरशी फळाफळावर पसरते, आणि रायगडात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. अशा हवेत हिरवे फळ तोडणे म्हणजे डाग दिसण्याआधीच पीक पदरात पाडून घेणे. अर्थात प्रत्येक डाग रोगाचा नसतो. उन्हाच्या बाजूला पडलेला पांढरा, कागदी चट्टा उन्हाने भाजल्याचा. टोकाचा काळपट डाग पाण्याची ओढाताण होऊन फळाला चुना कमी पोचल्याचा. पिकण्याआधीची जांभळट झाक तर कित्येक जातींचा स्वभावच.

यावर कोणी म्हणेल, खरे कारण जमिनीचे आहे: पेणचा खारेपाट आणि रोह्याची भातखाचरे, मिरचीला जागा कुठे? मोठ्या पिकाबाबत हे खरेच आहे. पण परड्यातल्या चार झाडांना खाचर लागत नाही, तरी तीही हिरवीच तोडली जातात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उन्हाळा कोरडा असतो, पेणचे पापड याच उन्हात वाळतात, मग मिरची का वाळू नये? पापड पातळ, कडक उन्हात लवकर वाळून डब्यात जातो. मिरचीला आधी झाडावर लाल होईपर्यंत थांबावे लागते, मग रसाळ साल आणि आतल्या बिया वाळायला कितीतरी दिवस जातात; तेवढ्या वेळात खाडीकाठच्या दमट रात्री बुरशीला पुरतात. घाटावरून आलेली वाळकी मिरचीसुद्धा मसाल्याआधी इथे पुन्हा उन्हात घालतात, निवडतात आणि फिकी पडलेली बाजूला काढतात. परड्यातल्या झाडावर मुद्दाम लाल होऊ द्यावे लागते ते फक्त बियाण्याचे फळ, आणि नेमकी तिथेच सर्वांत कडक नजर हवी, कारण ही बुरशी बियांतूनही पुढच्या वर्षीच्या रोपात जाते.