क्यूबा-प्रकरणांतील गाळलेलें कलम

इ. स. १९६२ च्या आक्टोबर महिन्यांत, क्यूबा बेटांत सोव्हिएट रशियानें ठेविलेल्या क्षेपणास्त्रांमुळें अमेरिका व रशिया ह्या दोन महासत्ता युद्धाच्या उंबरठ्यावर आल्या. ह्या प्रकरणाच्या साधनांत अध्यक्ष जॉन केनेडी यांचे बंधु रॉबर्ट केनेडी यांच्या 'थर्टीन डेज' ह्या ग्रंथाचें स्थान मोठें आहे. ग्रंथकर्त्याच्या वधानंतर, १९६९ सालीं, तो छापला गेला. त्याच्या पाठाविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

ता. २६ आक्टोबरच्या पत्रांत ख्रुश्चेव्ह यांनीं, अमेरिका क्यूबावर स्वारी न करण्याचें वचन देईल तर शस्त्रें काढून घेण्याची तयारी सूचित केली. ता. २७ च्या पत्रांत तुर्कस्थानांतील अमेरिकन ज्युपिटर क्षेपणास्त्रेंहि हलवावींत, अशी अट वाढविली. अध्यक्षांनीं उघड उत्तर दिलें तें पहिल्याच पत्रास. त्याच दिवशीं सायंकाळीं रॉबर्ट केनेडी रशियन वकील डोब्रिनिन यांस भेटले. छापील ग्रंथ म्हणतो कीं, ह्या भेटींत अदलाबदलीचा करार झाला नाहीं. तीं क्षेपणास्त्रें काढण्याचा अध्यक्षांचा पूर्वीपासून मानस असून तीं लौकरच जातील, एवढेंच सांगण्यांत आलें.

परंतु १९८९ सालीं मॉस्को येथील परिषदेंत ग्रंथाचे संपादक थिओडोर सोरेन्सन यांनीं कबूल केलें कीं, मूळ रोजनिशींत हें कलम तडजोडीचा स्पष्ट भाग म्हणून होतें. तें त्या वेळीं गुप्त असल्यामुळें आपण गाळलें. डोब्रिनिन यांचा मॉस्कोस गेलेला खलिता पुढें प्रसिद्ध झाला. त्यांतहि चार-पांच महिन्यांची मुदत व गुप्ततेची अट नमूद आहे. ही बोली लिहून ठेवणारें ख्रुश्चेव्ह यांचें खासगी पत्र डोब्रिनिन यांनीं आणून दिलें, तेव्हां ता. ३० रोजीं रॉबर्ट केनेडी यांनीं तें परत केलें. एप्रिल १९६३ पर्यंत तुर्कस्थानांतील १५ ज्युपिटर क्षेपणास्त्रें हलविण्यांत आलीं.

बखरीपेक्षां समकालीन पत्र श्रेष्ठ, हा नियम संशोधकांस परिचित आहे. येथें मात्र अध्यक्षांचें अस्सल पत्रहि ह्या कलमाविषयीं मौन धरतें. कारण तें मौनच तडजोडीची अट होतें. पत्र अस्सल ठरलें म्हणजे तें पूर्ण ठरलें असें नव्हे. दोन्ही पक्षांचीं दप्तरें ताडून पाहिलीं पाहिजेत. ह्या उणिवेचा परिणाम ग्रंथापुरताच राहिला नाहीं. निव्वळ धाकानें प्रतिपक्ष हटतो, असा धडा अमेरिकेंतील अनेकांनीं ह्या प्रकरणावरून घेतला. तो अर्ध्या पुराव्यावर उभा होता. ज्यांच्या हातीं अण्वस्त्रें आहेत, अशा राष्ट्रांनीं असला धडा अपुऱ्या पाठावरून घ्यावा, हें आम्हांस ग्रंथसंपादनाच्या कोणत्याहि दोषाहून अधिक भयावह वाटतें.