निळ्या दाढीचे पाखरू

मंडळी, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. पण चिमुकल्या पाखरालाही इतिहास असतो. आज तशीच एक हकीकत ऐका.

हे पाखरू हमिंगबर्डच्या कुळातले. आपल्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर. पुष्कळ जण त्यालाच हमिंगबर्ड म्हणतात. पण खरा हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन्ही खंडांत आढळतो. गुरुजींनी मुलांना एवढे जरूर सांगावे.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या उत्तर किनाऱ्यालगत सिएरा नेवादा दे सांता मार्ता नावाची पर्वतरांग आहे. समुद्र जवळ, तरी शिखरे सुमारे ५,७०० मीटर उंच. आपल्या कळसूबाईच्या तिपटीहून अधिक! जंगल संपून बर्फ लागण्याआधी मधे गवताळ, झोंबऱ्या थंडीचा माळ लागतो. त्याला तिकडे पारामो म्हणतात. आपले पाखरू राहते ते तिथे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. नराच्या डोक्यावर टोकदार तुरा आणि हनुवटीखाली निळी झाक मारणारी दाढी.

साल्विन आणि गॉडमन या इंग्रज अभ्यासकांनी १८८० साली या पाखराचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे १९४६ नंतर ते कुणाच्या नजरेस पडल्याची खात्रीची नोंदच नाही. शोधायला गेलेले लोक रिकाम्या हातांनी परतले. पाखरू नामशेष झाले असावे, अशी धास्ती वाटू लागली.

मग उजाडला मार्च २०१५. प्रोआवेस या पक्षिरक्षक संस्थेचे कार्लोस खुलिओ रोहास आणि क्रिस्तियान वास्केस डोंगरावर गेले होते. पाखरू शोधायला नव्हे, तर वणव्यांनी झालेले नुकसान नोंदवायला. तिथे अवचित हे पाखरू त्यांच्या समोर आले! त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली. एकोणसत्तर वर्षांची चुकामूक संपली. पण पाखरू भेटले ते जळणाऱ्या घरात.

वणवे लावतो कोण? गुरे पाळणारी माणसे. जुने गवत जाळले की कोवळे फुटते, म्हणून. पण त्या गवताबरोबर झुडपेही जळतात. या पाखराला मध देणारे लिबानोथाम्नस नावाचे झुडूप स्वतःच दुर्मिळ आहे. अशी झाडे सावकाश वाढतात. आग मात्र दुपारभरात आटोपते.

तरी गुराख्याला दोष देऊन मोकळे होऊ नका. गुरे या खंडात आणली स्पॅनिश लोकांनी. त्यांनी सांता मार्ता हे शहर वसवले १५२५ साली. पुढच्या शतकांत डोंगरातले मूळ रहिवासी खालच्या सुपीक जमिनींवरून वर वर रेटले गेले. आज त्यांच्याही पोटाचा प्रश्न आहे. म्हणून पाखरू वाचवायचे तर या माणसांना बरोबर घेऊनच वाचवावे लागेल. चाऱ्याची दुसरी सोय नसेल, तर नुसत्या बंदीला कोण जुमानणार? शिवाय याच डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांवर खालच्या लाखो लोकांचे पाणी अवलंबून आहे.

आपल्याकडेही चैत्र-वैशाखात डोंगर पेटलेले दिसतात, आणि कारणही पुष्कळदा हेच, नव्या गवताची आशा. त्या आगीत काय जळाले, याचा हिशेब आपण ठेवतो का? कोलंबियातले पाखरू हरवल्याचे कळले, कारण ते होते असे कुणीतरी लिहून ठेवले होते. नोंदच नसेल, तर हरवल्याचे दुःखही होत नाही.

तेव्हा गुरुजी, एक काम करा. मुलांना गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाठवा. आपल्या डोंगरावर पूर्वी कोणती पाखरे दिसत आणि आता कोणती दिसत नाहीत, ते विचारून वहीत लिहून घ्यायला सांगा. तोही इतिहासच आहे.