भानोल्यातलं पाणी

कोलंबीचं भानोलं हा पाठारे प्रभूंच्या घरचा पदार्थ. बारीक चिरलेला कोबी, बेसन, सोललेली कोलंबी, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, हळद, तिखट, प्रभूंचा सांबार मसाला आणि सढळ हाताने तेल. सगळं कालवायचं, थापायचं, खालून-वरून भाजायचं आणि वड्या पाडायच्या. साहेबाचा फिश लोफ तो हाच, असं कुणालाही वाटेल. म्हणून भानोल्याच्या जन्माची चौकशी केली की लोक एका वाक्यात ती मिटवतात: प्रभू मंडळी मुंबईत इंग्रजांच्या कचेऱ्यांत होती, साहेबाच्या स्वयंपाकघरातला ओव्हन त्यांनी पाहिला, आणि त्याच्या लोफचं इकडे भानोलं झालं.

मला हे अजिबात पटत नाही. न पटण्याचं कारण हाती लागलं ते ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये.

1962 साली एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली तेव्हाचा समारंभ यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली याच वसाहतीत झाला होता. पुढे कारखाने वाढले आणि त्यांच्या कडेने किसननगरसारख्या वस्त्या भरत गेल्या. कोकणातली पुष्कळ कुटुंबं इथे आली, आणि येताना धोंडस, म्हणजे काकडीचा भाजलेला गोड पदार्थ, घेऊन आली. शेजारच्या राजापूरच्या काकू पावसाळा सरताना, मोठी पिवळी तवसं, म्हणजे जून काकड्या, बाजारात आली की ते करतात. तवसं किसायचं, त्यात तांदळाचा भाजका रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची घालायची आणि जाड बुडाच्या पातेल्यात भाजायचं. पाणी किती, असं विचारलं तर म्हणाल्या, "पाणी नाय घालायचं. तवशाचं पाणी पुरतं."

भानोल्यातही पाणी घालत नाहीत! कोबीला मीठ चोळून ठेवतात, तो घाम टाकतो, आणि त्या ओलीत मावेल एवढंच बेसन घालतात. तवशात शेकडा 95 भाग पाणी, कोबीत शेकडा 92. भाजी इथे चवीपुरती नाही. भाजताना ती सावकाश पाणी सोडते, पीठ ते पिऊन शिजतं, फुगतं आणि सगळं धरून ठेवतं. उरलेली वाफ वर निघून जाते आणि तेलामुळे कडा खरपूस होतात. वरून पाणी ओतलं तर पिठलं होईल. एक गोड, एक तिखट. एकात तांदूळ, दुसऱ्यात हरभरा. पण गणित एकच. माझ्या मते भानोलं हे धोंडसाचं समुद्राकाठचं भावंड आहे, ओव्हनचं अपत्य नव्हे.

आता साहेबाचा लोफ शेजारी ठेवून पाहा. इंग्लंड-अमेरिकेतल्या फिश लोफमध्ये शिजवलेला किंवा डब्यातला मासा, पावाचा चुरा, दूध आणि अंडं असतं. सगळ्याला धरून ठेवतं ते अंडं. अंडं काढलं की लोफ सुटून येतो. मासे-मटण आवडीने खाणाऱ्या प्रभूंना अंड्याचं वावडं असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी हा पदार्थ साहेबाकडून उचलला असता तर अंडंही उचललं असतं. भानोल्यात मासा कच्चा जातो, पाव नाही, दूध नाही, आणि धरून ठेवण्याचं काम बेसन करतं. नक्कल करणारा माणूस मूळ पदार्थाचा कणाच टाकून देईल, हे मला शक्य वाटत नाही.

भानोलं गुजरातेतून आलं हा दावा याहून बराच वजनदार आहे. पाठारे प्रभूंच्या परंपरेत बिंबराजाबरोबर उत्तर कोकणात आल्याची आठवण आहे. इतिहासकार राजवाड्यांनी 1924 साली छापलेल्या महिकावतीच्या बखरीत त्या राजाची हकीकत येते. काही जण हा बिंब गुजरातेतल्या पाटणचा मानतात. तिकडचा हांडवो घ्या: डाळ-तांदळाचं पीठ, त्यात किसलेला दुधी, वर तिळाची फोडणी, आणि खाली-वर विस्तव. दुधी पाहून मीही थबकले. पण हांडव्याचं पीठ आंबवतात, त्यात दही घालतात, ते सैल असतं. त्याला दुधीच्या पाण्याची गरज नसते. भानोलं आंबत नाही. कालवलं की लगेच चुलीवर. हांडवो चुलत घराण्यातला असेल, सख्खा नाही.

पोर्तुगीजांचं मात्र देणं लागतो. ठाणे-वसईवर ते 1534 पासून दोनशे वर्षं होते. ठाणं मराठ्यांनी 1737 मध्ये घेतलं, वसई 1739 मध्ये. मिरची त्यांचीच, आणि कोबीसुद्धा. कोबी हे नावही पोर्तुगीज 'कौव'वरून आलेलं. झाकणावर निखारे ठेवून एकेक थर भाजलेली गोव्याची बेबिंका पाहून काही जण भाजण्याची रीतही त्यांच्या खाती टाकतात. पण बेबिंका अंड्याच्या बलकावर आणि नारळाच्या दुधावर उभी आहे. आणि झाकणावरचे निखारे तर सीकेपी घरांतल्या निनावालाही लागतात. श्रावणातलं ते निनाव म्हणजे बेसन, कणीक, गूळ आणि नारळाचं दूध, भाजून वड्या पाडलेलं. ठाणं हे सीकेप्यांचं जुनं गाव. इथे बेसनाची भाजलेली वडी कुणी परक्याने शिकवायला नको होती.

मग कोबी येण्याआधी भानोल्यात काय होतं? माझं उत्तर दुधी किंवा कांद्याची पात. दोन्हींना मीठ लावलं की पाणी सुटतं, दोन्ही कोलंबीशी जमतात, आणि दुधी-कोलंबीची भाजी आजही किनाऱ्यावर घरोघर होते. कोबीने ती जागा घेतली कारण त्याचं पाणी बेताने सुटतं आणि भाजल्यावर तो गोडसर लागतो. दुधीचं भानोलं मी करून पाहिलं आहे. वडी पडते, फक्त थोडी मऊ.

नावावरून फार काही निघत नाही. कुणी ते भाणे, म्हणजे भांडं, यावरून आलं म्हणतात, कुणी चुलीच्या भानोशावरून. मी भिस्त कृतीवर ठेवते.

आता निखारे गेले. झाकणाला काच असलेला गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन काही घरांत आला, आणि ओव्हनमध्ये 180 अंशांवर 40-45 मिनिटांत भानोलं होतं. किसननगरच्या खोल्यांत ओव्हनला जागा नाही. तिथे जाड तवा खाली, त्यावर पातेलं, मंद आच, आणि एक बाजू झाली की ताटलीवर उलटून दुसरी. पाव किलो कोलंबी, तेवढाच कोबी, सव्वा वाटी बेसन, अर्धी वाटी तेल. चेंदणी कोळीवाड्याकडून ताजी कोलंबी आली तर उत्तम. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा भिजवलेले सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, घालतात, आणि मला तर त्यांचा वास जास्त आवडतो.

कामावर न्यायच्या डब्यालाही भानोलंच बरं. रस्सा डब्यातून सांडतो, तळलेली तुकडी दुपारपर्यंत नरम पडते. भानोलं गार झाल्यावरच नीट कापलं जातं, म्हणून ते सकाळी सातच्या पाळीला जाणाऱ्याच्या डब्यासाठी रात्रीच करून ठेवता येतं. सोबत दोन पोळ्या आणि चिरलेला कांदा पुरतो.