सकाळचे कॉलेज

मंडळी, कॉलेजची घंटा किती वाजता व्हावी, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. पण खेड्यातल्या गुरुजींना विचारा. ते म्हणतील, ‘किरकोळ कसला? सुगीच्या दिवसांत अकराची शाळा भरवली, की निम्मा वर्ग शेतावर!’ अगदी खरे आहे. शाळेचे दार उघडे असून भागत नाही. शिकणाऱ्याला सवड असेल त्या वेळी ते उघडे असावे लागते. मुंबईत एक कॉलेज याच जाणिवेने निघाले. त्या सिद्धार्थ कॉलेजची हकीगत आज ऐकायची आहे.

मुंबईला कॉलेजे नवी नव्हती. गिरगाव चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजचे मूळ १८३२ सालच्या शाळेत आहे. १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले, १८६९ साली सेंट झेवियर कॉलेज निघाले. या संस्थांनी मोठमोठी माणसे घडवली, यात शंका नाही. पण दिवसा भरणारे कॉलेज म्हणजे दिवस मोकळा असलेल्या मुलाचे कॉलेज. परळ-लालबागच्या चाळींतून गिरणीच्या भोंग्यावर घर चाले. तिथल्या तरुणाला दिवस मोकळा कुठून मिळणार? मॅट्रिक झाला, की तो नोकरी शोधी आणि पुस्तक कायमचे मिटे.

त्याच परळात, डबक चाळीतल्या एका खोलीत, भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी राहत असे. घरात माणसांची दाटी; दिवेलागणीनंतर अभ्यासाला शांतता मिळायची नाही. तेव्हा वडील रामजी सुभेदार स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला उठवून आपण आडवे होत. सारे घर झोपलेले, कंदिलाचा उजेड आणि समोर पुस्तक. गरिबाच्या घरी अभ्यासाची वेळ अशी रात्रीतून चोरून काढावी लागते, बरं का!

या विद्यार्थ्याला एक शिक्षकही भेटले. विल्सन हायस्कुलातले कृष्णाजी अर्जुन केळुसकर चर्नी रोडच्या बागेत फिरायला येत. तिथे रोज वाचत बसणारा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. पुढे या मुलाच्या सत्काराच्या सभेत त्यांनी आपणच लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. इतकेच करून ते थांबले नाहीत. पैशाअभावी शिक्षण अडले, तेव्हा त्यांनी सयाजीराव महाराज गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले, १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढचा इतिहास आपणां सर्वांना ठाऊक आहे.

स्वतः शिकून मोठे झाल्यावर बाबासाहेबांनी मागे वळून पाहिले. १९२४ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा भरून बहिष्कृत हितकारिणी सभेचा पाया घातला गेला. लगेच १९२५ साली या सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात आधी अन्न आणि निवारा हवा, हे या मंडळींनी ओळखले होते. पुढे ८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सोसायटीचे पहिले कॉलेज सुरू झाले. नाव ठेवले ‘सिद्धार्थ’. केळुसकरांनी दिलेल्या पुस्तकातला राजपुत्र असा चाळीस वर्षांनी कॉलेजच्या पाटीवर आला!

कॉलेज भरले कुठे? मरीन लाइन्सजवळ, महायुद्धासाठी बांधलेल्या लष्करी बराकींत. ना कमानी, ना मनोरा. पण वर्ग सकाळी भरत. सकाळचे तास आटोपून विद्यार्थी फोर्टातल्या कचेरीत वेळेवर हजर होऊ शके. म्हणजे पगारही चालू आणि पदवीही चालू! शिवाय कॉलेजचे दार सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना उघडे होते.

त्याच १९४६ साली कारखान्यांचा कायदा सुधारला गेला आणि बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. हे विधेयक मांडणारे मजूरमंत्री बाबासाहेबच. एकीकडे कामकऱ्याचे तास कमी केले, दुसरीकडे कामावर जाणाऱ्याला सोयीच्या वेळी कॉलेज उघडले. माणसाला शिकायचे तर आधी त्याच्या हाती वेळ पाहिजे. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या, की हे सूत्र दिसते.

पुढे कॉलेज फोर्टातल्या आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारतींत गेले. तिथे विद्यार्थ्यांची ‘पार्लमेंट’ भरे. पंतप्रधान, विरोधी पक्ष, विधेयके, सारा थाट लोकसभेचा. बाबासाहेबांनी स्वतः या पार्लमेंटपुढे हिंदू कोड बिलावर भाषण केले. ग्रंथालयावर तर त्यांचा विशेष लोभ. आपल्या संग्रहातली पुस्तके त्यांनी तिथे दिली. कॉलेजच्या परिसरात सिद्धार्थ साहित्य संघ निघाला आणि त्यातून जी चळवळ वाढली तिने १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरवले. उद्घाटक होते अण्णा भाऊ साठे. ज्यांच्या घरात लिहिण्यावाचण्याला बंदी होती त्यांची मुले आता स्वतःची हकीगत स्वतःच्या शब्दांत लिहू लागली. कॉलेजने दिलेल्या पदव्यांइतकेच हेही मोलाचे नाही का?

सोसायटीने १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाड्यातल्या मुलांसाठी कॉलेज काढले; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मुंबईत १९५३ साली वाणिज्य आणि १९५६ साली कायद्याचे कॉलेज सुरू केले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. आजही त्या दिवशी लाखो माणसे गावोगावाहून दादरच्या चैत्यभूमीवर येतात. तुम्ही आलात तर सवड काढून फोर्टातल्या डॉ. दादाभाई नौरोजी मार्गावरही एक फेरी मारा आणि या इमारती पाहा.

आणि गुरुजी, तुम्हांला एकच विनंती. वर्गात एखादा मुलगा रोज उशिरा येत असेल, बाकावर डुलक्या घेत असेल, तर त्याचे नाव पटावरून खोडण्यापूर्वी त्याचा दिवस कसा जातो, एवढे विचारा. तो गुरे सोडून येतो, की रात्री पाणी धरून येतो? जमले तर त्याच्या सवडीचा एखादा तास काढा. केळुसकर गुरुजींनी बागेतल्या एका मुलाची चौकशी केली होती. त्या चौकशीतून काय उभे राहिले, ते आपण पाहिलेच.